वीतभर की चार बोटं

हैबतराव, कावळा शिवला नाही.

तुम्ही पाहिलंच असेल, तरी सांगतो. ओंकारेश्वराच्या घाटावर तुमच्या मानाजीनं दहाव्याचा पिंड मांडला. समोरच्या झाडावर कावळे म्हणाल तर ढिगानं. एरवी पोरांच्या हातातली भाकरी पळवणारी ही जात, पण काल एकालाही भूक नव्हती. एक खाली उतरला, टुणटुण करत पिंडाजवळ आला, मान तिरकी करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि गेला उडून. नको ते गिऱ्हाईक दुकानात आलं की तुम्ही पाहायचात ना, अगदी तसं पाहिलं मेल्यानं.

मग सुरू झाल्या विनवण्या. मानाजी म्हणाला, "आबा, दुकान मी चालवीन, बंद पडू देणार नाही." कावळा ढिम्म. तुमचे मेव्हणे पुढे झाले, म्हणाले, "तुमच्या लेकीचं, सगुणाचं लग्न थाटात करू, दाजी." तरी ढिम्म. वहिनींनी पदर तोंडाशी धरून "माझी काळजी करू नका" म्हटलं, तेव्हा तर दोन कावळे सरळ नदीपलीकडे निघून गेले. ऊन चढलं, भटजी कुरकुरू लागले. तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, त्यांचा जीव धुरात होता, एक चिरूट ठेवून पाहा. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या कमरेच्या शेल्यात एक होता, तो काढून मी पिंडाशेजारी ठेवला.

वीतभर लांबीचा ठेवला, हैबतराव. माझा.

त्या घोळक्यात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुष्कळ वेळ थांबून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही मुकाट्यानं घरी आलो. मानाजीचा चेहरा पाहवत नव्हता. बाप अडकून पडला, आणि कशात अडकला ते कळत नाही, हे पोरानं कुणाला विचारायचं?

आज सकाळी वहिनींनी मला बोलावून घेतलं. दाराआडूनच बोलल्या. "भावजी, तुम्ही लांब ठेवलात."

मी म्हटलं, "हातात आला तो ठेवला."

"हातात तोच यायचा तुमच्या," त्या म्हणाल्या. "कशात अडकलेत ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. त्यांचं खरं होतं, एवढं एकदा म्हणून टाका. तुमचं काय जातंय?"

माझं काय जातंय! तेच सांगायला मी आता इथे, आपल्या ओट्यावर येऊन बसलोय. दिवे लागायची वेळ आहे. समोरच्या हौदावर बायकांची घागरींची भांडणं चाललीयत. मी एकटा बडबडताना पाहून समोरचा कासार मान हलवतोय. हलवू दे. तुम्ही असताना मी भांडायचो तेव्हाही तो हलवायचाच.

तुमच्या मोहिमा सांगायला मी बसलेलो नाही. तुम्ही कुठल्या पथकात होता, गुडघ्यात गोळी कुठे लागली, हे बुधवारातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी राहुट्या शिवणारा शिंपी. लढाई मला माहीत ती फाटून परत आलेल्या कापडावरून. मला माहीत असलेले हैबतराव म्हणजे माझ्या दुकानाला लागून दुकान घातलेला, पाय आखडलेला, मिशीत हसणारा, महा हट्टी माणूस.

दक्षिणेतून परत आलात तेव्हाचं आठवतं. दुसऱ्यांनी काय काय आणलं होतं! कुणी चांदीचे तांबे, कुणी रेशमी लुगडी. तुम्ही लंगडत आलात आणि खांद्यावर वाळक्या पानांचं गाठोडं. तंजावराकडे कुणा म्हाताऱ्याच्या ओसरीवर जखम भरेपर्यंत पडून होता, तिथे चिरूट वळायला शिकलात. पुण्यात तोवर चिलीम, गुडगुडी, नाहीतर तपकीर. चिरूट म्हणजे संगमावरच्या इंग्रजाच्या तोंडात दिसायची वस्तू. तुम्ही ओट्यावर बसून पहिला पेटवलात तेव्हा कासारानं विचारलं होतं, "हैबतराव, चुलीतलं लाकूड तोंडात का धरलंय?" तुम्ही म्हणालात, "चूल घरी आहे. तोंड माझं आहे." झालं. पेठेत तुमचं नाव झालं.

त्याआधी आपण शेजारी बसून आपापली चिलीम ओढायचो. तुम्ही मराठे, मी शिंपी. चिलीम कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाते ते बघणारे डोळे पेठेत कमी नव्हते. म्हणून तुमची चिलीम वेगळी, माझी वेगळी, तोंडाशी गुंडाळायची ओल्या फडक्याची छापीसुद्धा ज्याची त्याची. चिरूट आला आणि तो प्रश्नच मिटला. एका माणसाला एक. तुम्ही म्हणालात, "रखमाजी, ही वस्तू बरी आहे. हिला गोत नाही." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी तुमच्या हातून तसाच्या तसा एक घेतला आणि ओढला, आणि हैबतराव, मला जी घेरी आली! ओट्यावरून खालीच यायचा मी. तुम्ही दंडाला धरून बसवलंत आणि म्हणालात, "तुम्हाला मवाळ पान लागेल." त्या दिवसापासून आपल्या दोघांचा खरा उद्योग सुरू झाला.

त्रिचनापल्लीचं काळं पान, त्याची तर मला दहशत बसली होती. मिरच्या जाळाव्यात तसा घसा धरायचा. कृष्णाकाठचं पिवळं पान आणवलंत. ते इतकं मवाळ, की मी म्हटलं, "हा तर नुसता कडबा." मग दोन्ही मिसळून पाहिलं. मग कळलं की झाडाच्या पायाशी येतात ती पानं मवाळ आणि शेंड्याची जहाल, तेव्हा पायाची वेगळी मागवलीत. त्यावर गुळाच्या पाण्याचा हबका. ते पाणीही नदीचं चालायचं नाही तुम्हाला, हौदाचंच हवं, कात्रजहून नळानं येणारं. मी विचारलं, "धुराला पाण्याची चव कशी कळणार?" तर म्हणालात, "धुराला कळत नाही. मला कळते."

रोज तिन्हीसांजेला एक नवा घाट घातलेला चिरूट. तुम्ही डोळे मिटून ओढायचात, मग म्हणायचात, "आज गोडी आहे पण अंग नाही," किंवा "अंग आहे पण शेवट चांगला नाही." मी राहुटीची शिवण बघतो तसं तुम्ही धुराकडे बघायचात. बायको गेल्यापासून मला संध्याकाळ नकोशी व्हायची, घरात शिरावंसं वाटायचं नाही. त्या दिवसांत तुम्ही मला एकदाही "कसं चाललंय" असं विचारलं नाही. पान कसं आहे, एवढंच विचारलंत. त्याचे उपकार मी कसे फेडू सांगा.

आणि मग तो वाद. किती लांब वळायचा?

जाडीवर आपलं एकमत होतं, अंगठ्याएवढी. बारीक वळला की तापतो, हे तुम्हालाही मान्य, मलाही. एकमत झालं म्हणून त्यावर आपण पुन्हा कधी बोललोच नाही. लांबीवर मात्र जन्मभर.

"मवाळ पान आखूडच वळावं," तुम्ही म्हणायचात. "लांब वळलं की धूर मागे साचत जातो. शेवटची दोन बोटं कडू झाली, तर मग त्याला मवाळ कशाला म्हणायचं?"

"आखूड वळला की जाळ लगेच तोंडाशी येतो," मी म्हणायचो. "लांब असला की धूर वाटेत निवतो."

"वाटेत निवायला तो काय आंघोळीचं पाणी आहे?"

"आणि चार बोटांत संपायला तो काय औषधाची पुडी आहे?"

तुमचं माप चार बोटं, तेही ओढणाऱ्याच्या स्वतःच्या हाताची. ज्याचा पंजा रुंद त्याची छाती रुंद, तेवढाच धूर त्याला झेपतो, असं तुमचं शास्त्र. गिऱ्हाईक आलं की आधी हात पुढे करायला लावायचात. गुलटेकडीकडच्या बागेत उतरलेल्या त्या सरदारांचा कारभारी आला होता, आठवतं? "धन्यांना मवाळ चिरूट हवेत," म्हणाला. तुम्ही विचारलंत, "धन्यांचा पंजा केवढा?"

"पंजा? काय बोलता?"

"माप घेतल्याशिवाय वळणार कसा? जोडा आणता तो पायाच्या मापानंच आणता ना?"

"धनी तुमच्या ओट्यावर येतील होय?"

"नाही आले तर नाही. आमचा ओटा काही रुसणार नाही."

तो पाय आपटत गेला. मी म्हटलं, घालवलंत चांगलं गिऱ्हाईक. आणि दोन दिवसांनी पालखी येऊन उभी की आपल्या दारात! पडदा जरासा सरला आणि अंगठ्यांनी भरलेला एक गुबगुबीत हात बाहेर आला. तुम्ही गंभीरपणे दोऱ्यानं माप घेतलंत. पालखी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आपण दोघं इतके हसलो की तुम्हाला ठसका लागला. त्या ठसक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. कोण देतं?

माझ्या हाताचं माप घेतलंत तेव्हा मात्र मी भडकलो होतो. सुईनं झिजलेली माझी बोटं, ती अशी बारीक. त्या हिशेबानं माझ्या वाट्याला आला तो एवढासा! मी म्हटलं, "पोराचा भोवरासुद्धा याहून मोठा असतो. मला वीतभर पाहिजे." तुम्ही वीतभर वळून दिलात, कपाळाला आठ्या घालून. आणि त्यानंतर रोज, मी शेवटाला आलो की विचारायचात, "काय रखमाजी, शेवटची दोन बोटं कडू नाही लागली?" मी म्हणायचो, "अजिबात नाही." खरंच लागायची नाहीत. तुम्ही मिशीत हसायचात. मला वाटायचं, हरलेला माणूस हसून वेळ मारून नेतोय.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. धूर निवण्याबिवण्याचं मला फारसं काही नव्हतं, हैबतराव. तुमचा चिरूट संपला की तुम्ही उठायचात. कूच झाल्याचा नगारा ऐकल्यासारखे. काठी टेकायचात, "चला" म्हणायचात आणि चाललात. पण समोरचा ओढत असताना मधेच उठून जायचं नाही, ही तुमची छावणीतली रीत. ती मला लौकरच कळली. म्हणून माझा लांब हवा. तुमचा विझायचा, तुम्ही चुळबुळ करायचात, माझ्या चिरुटाकडे बघून "शिवताय की ओढताय?" म्हणायचात, पण बसायचात. तेवढ्यात हौदावरची गर्दी ओसरायची, समोरच्या दिवळीत पणती लागायची, आणि कधी कधी तुम्ही एखादी अशी गोष्ट बोलायचात जी चार बोटांच्या चिरुटात कधीच आली नसती. तुमच्या थोरल्याची गोष्ट, जो तान्हा गेला, ती मला तशीच कळली.

म्हणून वहिनी विचारतात माझं काय जातंय, तर हे जातंय.

कारण तुम्ही गेलेला नाहीत. मला ठाऊक आहे. तुम्हाला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, तिन्हीसांजेला, मी काही पेटवलेलं नसताना वास येतो. जळक्या गुळाचा, पायाच्या पानाचा. तो वास दुसऱ्या कशाचा नाही, मी डोळे मिटून सांगेन. पहिल्यांदा आला तेव्हा मी उठून आत गेलो आणि दाराला कडी घातली. घाबरलो, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी उभा राहिलो. त्यानंतर ओट्यावर येऊन बसलो, तुमची जागा सोडून. कासाराचं कुत्रं रोज इथे माझ्या पायाशी यायचं, ते आता वळचणीखाली बसून तुमच्या जागी अजून अंथरलेल्या घोंगडीकडे टक लावून पाहतं आणि पुढे येत नाही. काल तर काठी टेकल्याचाही आवाज आला. दगडावर टक्, आणि मग पाय ओढल्याचा. मी मान वळवली नाही. वळवली असती आणि कुणी दिसलं असतं तर काय केलं असतं? आणि कुणीच दिसलं नसतं तर?

मला भीती वाटते आणि मी वाटही पाहतो. दिवसभर हात कापडावर आणि जीव संध्याकाळकडे. मेलेल्या माणसाला ओट्यावर बसवून ठेवणं हे पाप आहे, एवढं न कळण्याइतका मी मूर्ख नाही. तुमची वाट कुठे तरी पुढे असेल. तिकडे तुमचा तान्हा असेल, कोण जाणे. आणि तुम्ही इथे बुधवारात अडकून पडलात, एका शिंप्यानं "तुमचं खरं" म्हणावं म्हणून. दोन शब्द. मी मनात जुळवतो आणि गिळतो.

शिवाय त्या शेवटच्या संध्याकाळचं राहिलंय. वैद्यांनी धूर बंद केला होता. तुम्ही वहिनींची नजर चुकवून आलात, भिंतीला धरत. पेटवलं काही नाही. मी माझा वीतभर ओढत होतो, अर्ध्यावर आला होता. तुम्ही बराच वेळ नुसते बघत बसलात, आणि एकदम हात पुढे केलात. "आणा इकडे."

मी म्हटलं, "हा उष्टा आहे, हैबतराव."

"आणा म्हणतो ना."

भर रस्त्यावर, सगळ्या पेठेदेखत तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि ओठांना लावलात. इतकी वर्षं वेगळ्या छापीनं चिलीम ओढलेले आपण. डोळे मिटलेत. हळू, अगदी हळू एक झुरका. धूर सोडलात, माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "रखमाजी, हा…"

आणि ठसका आला. तो थांबलाच नाही. मानाजी धावत आला, उचलून आत घेऊन गेला. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत, माझ्याशी नाही आणि कुणाशीच नाही.

हा काय, हैबतराव? हा बरा आहे? हा कडूच आहे? काय सांगणार होतात? मी रोज इथे बसतो ते त्यासाठीही. वाटतं, आज वासाबरोबर पुढचा शब्दही येईल. मी "तुमचं खरं" म्हटलं आणि तुम्ही गेलात, तर तो शब्दही गेला. मग मी काय करू?

बघा, आला वास. बसा. आज काही म्हणत नाही मी. बसा जरा.

*

काल एवढं बोलून थांबलो होतो. आज पुन्हा बसलोय, पण आजचं बोलणं वेगळं आहे, ते शांतपणे ऐका.

सकाळी मी वहिनींकडे गेलो, नाही म्हणायला. खरंच. ठरवून गेलो होतो की सांगायचं, हे सगळं मनाचे खेळ आहेत, दर्भाचा कावळा शिवला तोच शिवला. पण आत मानाजी भिंतीला टेकून बसला होता. रात्र रात्र झोपत नाही म्हणे, बाहेर काठी वाजते आणि तो उठून बसतो. म्हणजे मला एकट्यालाच ऐकू येत होती असं नाही. मी आपला गोड मानून ऐकत होतो, आणि भिंतीपलीकडे तुमचा पोरगा त्याच आवाजानं वाळत चालला होता.

मी काही बोलण्याआधीच वहिनींनी सूप पुढे सरकवलं. त्यात थोडी पानं होती, जुनी, फिकी, जवळजवळ मातीच्या रंगाची. म्हणाल्या, "ही आता कुणाला लागणार? तुमच्यासाठी असायची."

मला कळेना. मी म्हटलं, "माझ्यासाठी?"

"तुमच्या चिरुटाच्या तोंडाकडच्या दोन बोटांत ही घालायचे. पायाची पानं, त्यातली जुनी, दोनदा धुऊन सावलीत वाळवलेली. कडवटपणा सगळा काढून टाकलेली. तेवढा एक चिरूट वळायला त्यांना दुसऱ्या सगळ्यांइतका वेळ लागायचा. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, एवढा खटाटोप कशाला, भावजींना आखूड द्या की. तर मला म्हणाले, 'आखूड दिला तर लौकर संपेल.'"

हैबतराव, मी तिथेच खाली बसलो. धोतराच्या सोग्यानं तोंड झाकून रडलो, तुमच्या बायकोपुढे, तुमच्या पोरापुढे. काय माणूस हो तुम्ही! वीतभराचा शेवट कडूच होतो, तुमचंच खरं होतं पहिल्यापासून. तो कडू लागू नये म्हणून तुम्ही रोज राबलात, आणि वर मलाच विचारत होता, कडू नाही लागली? आणि मी छाती काढून म्हणायचो, अजिबात नाही! मला वाटायचं मी तुम्हाला बसवून ठेवतोय.

डोळे पुसून मी वहिनींना विचारलं, "ते शेवटी 'हा' म्हणाले ना, ते काय सांगणार होते?"

त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक, भावजी? ओट्यावरचं तुमचं तुम्हाला."

मग आम्ही तिघं घाटावर गेलो. भटजी नाहीत, कुणी नाही. वहिनींनी केळीच्या पानावर दहीभात ठेवला. नदीला पाणी कमी होतं, पलीकडे धोबी कपडे आपटत होते. कावळे होतेच झाडावर. मी पानाशेजारी चिरूट ठेवला. चार बोटांचा, तुमच्या हाताच्या मापाचा, मानाजीनं वळलेला. वळण चांगलं नव्हतं, पण पोर शिकेल.

तरी माझं तोंड उघडेना. मानाजी माझ्याकडे बघत होता. काय सांगू, लहानपणी पतंगाला दोरा मागायला यायचा तसाच बघत होता. मग मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, म्हणजे पलीकडच्या धोब्यांनीही ऐकलं असेल. "हैबतराव, तुमचं खरं होतं. मवाळ पान आखूडच बरं. मी हरलो. आता जा बाबा."

एक कावळा उतरला. परवासारखा टुणटुण करत नाही, सरळ आला. चोच घातली, घास घेतला, पुन्हा घातली. वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. मानाजी हुंदके देत माझ्या खांद्याला येऊन लागला आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. कावळ्यानं पोटभर खाल्लं, चोच पानावर घासली आणि नदीवरून पलीकडे उडून गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. आपलं माणूस निघालं की बघतात तसं.

घरी येताना मानाजी म्हणाला, "काका, आता बरं वाटतंय." मी म्हटलं, "हो रे बाबा." बरं वाटायलाच हवं होतं. एवढी वर्षं तुमच्याशी भांडलो, तुमच्यासाठी एवढं तरी केलं. तुम्ही मोकळे झालात याचा मला आनंद आहे, तो खरा आहे, खोटा नाही.

संध्याकाळी येऊन ओट्यावर बसलो. दिवे लागले. कुत्रं वळचणीखालून उठलं, येऊन माझ्या पायाशी पडलं आणि झोपून गेलं. हौदावरच्या बायका पाणी भरून गेल्या. मी वाट पाहिली. काठी नाही, ठसका नाही, वास नाही. मी पेटवलेला माझा चिरूट तेवढा जळत होता, आणि त्याला कसलाच वास नव्हता. मग आजूबाजूला पाहिलं, कासार आत गेला होता, आणि तुमच्या घोंगडीकडे तोंड करून मी हळूच म्हणालो, "हैबतराव, खोटं बोललो हो मी. लांबच बरा."

मग मोठ्यानं म्हणालो, "ऐकलंत का? लांबच बरा!"

कुणी भांडलं नाही.